फ्रेझियर टेकडीला काळा की पांढरा

वॉर्नेक काउंटीत धर्म दोनच, काळा आणि पांढरा. चर्चचं नाही म्हणत मी. चर्चं इथे पेट्रोल पंपांपेक्षा जास्त आहेत. मी रस्त्याचं म्हणतोय. एक डांबरवाले आणि एक काँक्रीटवाले. माणूस एकदा डांबराचा झाला की मरेपर्यंत डांबराचा, आणि काँक्रीटवाल्याला मुलगी द्यायची म्हटली तर तो आधी जावयाच्या अंगणात कशाचा रस्ता आहे ते बघून येईल. या दोघांच्या मधे लटकलेला जीव एकच, काउंटी इंजिनिअरचा.

आमची इंजिनिअर म्हणजे रोबर्टा स्टकमन. सगळ्या काउंटीची बॉबी. छप्पन्न वर्षांची, आवाज खणखणीत, नवरा घटस्फोट घेऊन फ्लोरिडाला गेलेला, आणि त्याचं नाव निघालं की म्हणायची, "बरं झालं, गॅरेज मोकळं झालं." ओहायोत काउंटी इंजिनिअर शेरीफसारखाच निवडून द्यावा लागतो. पूल कितीही पक्का बांधा, नोव्हेंबरात मतं पडली नाहीत की बसा घरी. बॉबी तीनदा निवडून आली होती, आणि तिसऱ्यांदा आली ती फ्रेझियर टेकडीच्या जोरावर.

ही टेकडी म्हणजे काउंटीच्या छातीवर बसलेली म्हैस. इकडे बाजार, मेळ्याचं मैदान, बॉबीचं ऑफिस. पलीकडे खोऱ्यात जवळजवळ सगळी शेतं आमिशांची, म्हणजे वीज-मोटारीला हात न लावणाऱ्या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती लोकांची. रस्ता एकच आणि उतार असा की शाळेची बससुद्धा देवाचं नाव घेऊन उतरते. मागच्या निवडणुकीआधी बॉबीने तिथे डांबर टाकलं. काय डांबर म्हणता! लोणी! कॉफीचा कप डॅशबोर्डवर ठेवा आणि टेकडी उतरा, थेंब सांडायचा नाही. डांबरवाल्यांच्या संघटनेने राज्यातला सगळ्यात गुळगुळीत ग्रामीण रस्ता म्हणून तिला पितळी पाटी दिली, ठेकेदाराला गुळगुळीतपणाचा बोनस मिळाला, बॉबीला मतं मिळाली. सगळे खूश.

घोडे सोडून.

कारण त्या टेकडीवरून अर्धी ये-जा बग्ग्यांची. आमिश माणूस मोटार चालवत नाही, घोडा जोडतो. आणि लोखंडी नाल ठोकलेला घोडा लोण्यावर उभा केला तर काय होणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. फेब्रुवारीत एका पहाटे लोव्हिना श्लाबाख नावाची आमिश सुईण बाळंतपणाला निघाली होती. टेकडीच्या मध्यावर तिची रूबी घोडी घसरली ती बसलीच, बग्गी तिच्या अंगावर, आणि लोव्हिना खालच्या नाल्यात. घोडीला तिथेच गोळी घालावी लागली. लोव्हिनाचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती लंगडते.

टेकडीच्या इकडेच, बॉबीच्या घराला लागून लोव्हिनाचं शेत. वीस वर्षांचा शेजार. आमिशांच्या घरात फोन नसतो, म्हणून बाळंतपणाचे सगळे निरोप बॉबीच्या मोबाइलवर यायचे. कमिशनरांच्या सभेत फोन वाजायचा आणि बॉबी सगळ्यांदेखत म्हणायची, "कळा किती मिनिटांनी येताहेत?" मे महिन्यात लोव्हिना काठी टेकत उठली, नवा घोडा घेतला आणि परत कामाला लागली. बॉबी तिला म्हणाली, "अगं, जरा दम धर. गाडी सांगत जा कुणाला तरी." लोव्हिना म्हणाली, "लोकांना झोपेतून उठवू? माझ्यासाठी?" आणि विषय संपला.

इकडे आमिशांनी आपापल्या परीने इलाज केला. कुणाला काही न बोलता सगळ्यांनी नालांना टोकदार पोलादी खिळे ठोकून घेतले. घोडे घसरायचे थांबले नाहीत, पण त्या बक्षीसपात्र डांबराची मात्र वाट लागली. लेनच्या मधोमध घोड्यांच्या टापांनी असा चर पाडला की त्यात पाणी साचून बेडकं राहायला आली. दोन्ही कडांना लोणी तसंच्या तसं, मधे गटार. रस्ता नव्याने करणं भाग होतं. राज्याचा पैसा मंजूर झाला, आणि राज्याने विचारलं: पृष्ठभाग कोणता? जूनच्या शेवटच्या सोमवारपर्यंत कळवा.

झालं! बातमी फुटली आणि दोन्ही धर्मांचे पुजारी ऑफिसात हजर.

डांबराकडून डेनी फिओरे. गोल, हसरा, बुटांना कायम डांबर चिकटलेलं. याच्या मागून जाल तर गालिच्यावर पावलं मोजता येतील. काँक्रीटकडून लायल ब्रॅकेट. उंच, इस्त्रीचा शर्ट, आणि अपमान झाल्यासारखा चेहरा. तो जन्मतःच तसा होता म्हणतात. डेनीने डोनटचा खोका टेबलावर ठेवला. लायलने बायकोने केलेली रुबार्ब-पाय, म्हणजे आंबटगोड पेस्ट्री, त्याच्या शेजारी ठेवली, जरा पुढे.

"बॉबी, चाळीस वर्षांचा हिशेब आणलाय," लायल म्हणाला. "आज थोडं जास्त घाल, चाळीस वर्षं बघायला नको."

"चाळीस वर्षांनी ती आणि मी दोघं मातीखाली, लायल," डेनी म्हणाला. "बघायचंय कुणाला? माझा रस्ता परवा टाकला की तेरवा गाड्या सुरू. तुझा? तो वाळेपर्यंत बायका बाळंत होऊन मुलं शाळेत जातील."

"काँक्रीट वाळत नाही. पक्कं होतं."

"तुझ्या चेहऱ्यासारखं."

बॉबी डोनट खात दोघांचे कागद चाळत होती. दोघांनीही चाळीस वर्षांचा खर्च काढला होता, दोघांचं गणित बरोबर होतं, आणि दोघंही जिंकले होते. तिला त्यातली गंमत पाठ होती. व्याजाचा दर एवढासा इकडे सरकवला की काळा स्वस्त, तिकडे सरकवला की पांढरा. त्यावर किती परिषदा झाल्या, किती कोंबड्या खाल्ल्या गेल्या, देवच जाणे.

"हे सगळं ठीक," ती म्हणाली. "घोड्यांचं काय?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. घोड्यांचा हिशेब कुणीच केला नव्हता.

"घोड्यांना डांबर आवडतं," डेनी म्हणाला. "मऊ असतं. गुडघ्यांना बरं."

"घोड्यांना काँक्रीट आवडतं," लायल म्हणाला. "रात्री दिसतं."

"तुम्हाला सांगितलं का त्यांनी? उचलली जीभ लावली टाळ्याला!" बॉबी भडकली. "लोव्हिना तीन महिने अंथरुणात होती. परत कुणी त्या टेकडीवर पडलं ना, तर तुम्हा दोघांना त्याच रस्त्याखाली पुरीन. थर कुठला घालायचा ते तुम्ही ठरवा."

तिने तोंड सोडलं खरं, पण आतून ती टरकली होती. तीन महिने रोज संध्याकाळी ती लोव्हिनाकडे सूप घेऊन जायची, आणि रोज परत येताना मनात एकच: ती घसरली ते मी घातलेल्या रस्त्यावर. आता परत मीच घालणार. काय घालू?

म्हणून ती आमिशांच्या बिशपकडे गेली. बिशप एर्विन राबर, सत्तरीचा, बेंबीपर्यंत दाढी, गोठ्यात गायी धूत होता. बॉबीने अर्धा तास समजावलं. काळ्याचे गुण, पांढऱ्याचे गुण, उतार, पकड. बिशपने सगळं शांतपणे ऐकलं.

"तर मग तुमच्या लोकांना काय हवंय?" तिने विचारलं.

"आम्ही काय सांगणार, पोरी? रस्ता तुम्हा इंग्रजांचा. आम्ही जे मिळेल त्यावरून जातो." आमिशांच्या लेखी जो आमिश नाही तो इंग्रज, बॉबीचा आजा जर्मन होता, त्याला कोण विचारतो.

"पण चालायचं तुमच्या घोड्यांना आहे!"

"मग घोड्यांना विचार," बिशप म्हणाला आणि गायीची कास धुऊ लागला.

आता शहाण्या माणसाने यातून काय घ्यावं? की म्हातारा पीडा टाळतोय. आमिश माणूस स्वतःसाठी काही मागणार नाही. मागणं म्हणजे गर्व, आणि गर्व म्हणजे पाप. पण बॉबी पडली इंजिनिअर. इंजिनिअरला काहीही सांगा, तो त्याची चाचणी घेतो. घरी जाईपर्यंत तिच्या डोक्यात आराखडा तयार होता.

मेळ्याच्या मैदानाला वळसा घालणारा जो सेवारस्ता आहे, आतल्या बाजूने लाकडी कठड्याचा, तिथे दोन पट्टे टाकायचे. एक काळा, एक पांढरा, शेजारी शेजारी. वर पाणी मारायचं आणि बग्ग्या सोडायच्या. लगाम ढिले. घोडा कुठल्या पट्ट्यावर मोकळा चालतो आणि कुठे पाय आखडतो ते बघायचं. डेनी आणि लायल दोघंही एका पायावर तयार. फुकट टाकून देतो म्हणाले. नाणं उडवलं. लायलला कठड्याकडची आतली बाजू आली, डेनीला बाहेरची. काँक्रीट पक्कं व्हायला महिना दिला.

सोमवारच्या आधीचा शनिवार उजाडला. बारीक पाऊस. मैदानावर जत्रा! तीस बग्ग्या आल्या होत्या, बायकामुलांसकट. चाचणीचं ठाऊक नाही, पण बॉबी फुकट आइस्क्रीम देणार हे खोऱ्यात बरोबर पोचलं होतं. त्यांच्या बग्ग्या फाटकापासून पार्किंगपर्यंत अशा लागल्या की बॉबीचा ट्रक मधोमध अडकला. लोव्हिना आपली बग्गी बाहेर फाटकाशीच उभी करून, काठी टेकत आत आली.

"काय चाललंय गं हे?" तिने विचारलं.

"शास्त्र," बॉबी म्हणाली.

"असं होय," लोव्हिना म्हणाली आणि आइस्क्रीमच्या रांगेत गेली.

पहिल्या सहा बग्ग्या रेषेवर उभ्या राहिल्या. मधोमध बिशप, काळी टोपी, चेहरा प्रार्थनेला बसल्यासारखा. बॉबीने हात वर केला. "लगाम ढिले सोडा! घोड्यांना हवं तिथे जाऊ द्या!" आणि हात खाली केला.

एक क्षण काहीच झालं नाही. मग बिशपच्या घोड्याने कान टवकारले. शेजारी घोडे, पुढे वळणारा रस्ता, आत कठडा, आणि एक बाई हात खाली करतेय. त्याच्या जुन्या डोक्यात कुठेतरी घंटा वाजली. आणि तो सुटला! तो सुटला म्हणून बाकीचे सुटले. सहाच्या सहा बग्ग्या, उडत्या दाढ्या, एक टोपी हवेत, एक बाई किंचाळतेय, आणि सगळे घोडे एकमेकांना रेटून आत, आणखी आत, कठड्याला घासून पांढऱ्या पट्ट्यावर! डांबराच्या पट्ट्यावर एक टाप पडली असेल तर शपथ. आमिश पोरं कठड्यावर चढून ओरडायला लागली. शर्यत लावणं त्यांच्यात सक्त मना आहे, म्हणून पोरांच्या आयांनी त्यांना दटावलं, पण मान वळवून पहिला कोण येतोय ते बघत बघतच दटावलं.

बिशप दोन बग्ग्यांच्या अंतराने पहिला आला.

"पांढरा!" लायल ब्रॅकेट आयुष्यात पहिल्यांदा हसला. त्याला हसायची सवय नव्हती, त्यामुळे ते जरा भीतीदायक दिसलं. "सहाच्या सहा! लिहून घे बॉबी! घोड्यांनी मत दिलं!"

"खोटं!" डेनी ओरडला. "तू साखर टाकलीस! काँक्रीटमधे साखर टाकलीस तू!"

"काँक्रीटमधे साखर टाकली तर ते धरत नाही, गाढवा!"

"म्हणजे टाकून बघितलीस!"

दोघं पोटाला पोट लावून भांडायला लागले. बिशप बग्गीतून उतरला, दाढी सरळ केली आणि बॉबीपाशी आला. श्वास चढला होता. डोळे मात्र असे चमकत होते की त्याने ते चटकन जमिनीकडे वळवले.

"मी काही केलं नाही हां," तो म्हणाला. "लगाम ढिला होता. तूच म्हणालीस."

"ते जाऊ दे. त्यांना काँक्रीट आवडलं ना?"

बिशप जरा घुटमळला. "पोरी, आम्ही हे घोडे आणतो कुठून?"

"कुठून म्हणजे..." आणि बॉबीने कपाळावर हात मारला. तिला माहीत होतं. सगळ्या काउंटीला माहीत होतं. शर्यतीच्या ट्रॅकवरून निवृत्त झालेले घोडे लिलावात स्वस्त मिळतात, आणि आमिश तेच घेतात. बग्गीला जुंपलेलं प्रत्येक जनावर आयुष्यभर एकच गोष्ट शिकलेलं: आतला कठडा धर आणि पळ.

"आत तू शेण पसरलं असतंस तरी शेणातून पळाले असते," बिशप म्हणाला. मग हळूच, "याचं ट्रॅकवरचं नाव लकी सिनर, भाग्यवान पापी. आम्ही बॉब म्हणतो."

महिनाभराची तयारी, दोन पट्टे, तीस खोके आइस्क्रीम, आणि निष्कर्ष काय, तर घोड्यांना जिंकायला आवडतं. बॉबी तिथल्या बाकावर मटकन बसली. तिला हसावं की रडावं कळेना. परवा सोमवार होता.

आणि नेमका तेव्हा फोन वाजला. खोऱ्यातून, डेअरीच्या फोनवरून. एकोणीस वर्षांची पहिलटकरीण, पाणी गेलेलं, कळा भराभर. बॉबी उठली. "लोव्हिना! चल, ट्रक..." ट्रककडे पाहिलं. तीस बग्ग्या, त्यात सहा घोडे अजून थयथयाट करताहेत. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. लोव्हिना तोवर फाटकाशी, बग्गीत चढलेलीसुद्धा.

"येतेस?" तिने विचारलं. "पिशवी उचलायला कुणी असलं तर बरं."

बॉबी चढली. बघा हं, या बाईने त्या टेकडीचा उतार मोजला होता, नकाशे काढले होते, रस्ता केला होता, आणि घोड्यामागे बसून ती टेकडी आयुष्यात एकदाही उतरली नव्हती. ट्रकमधून उतरली होती, हजारदा. कॉफी पीत.

टेकडीच्या माथ्यावर बग्गी आली आणि बॉबीने खाली पाहिलं. ट्रकमधून तो रस्ता असतो. बग्गीच्या बाकावरून ती विहीर होती. पावसाने कडा चमकत होत्या, मधे चर, आणि पुढे नवा घोडा, टकर त्याचं नाव, नाक फेंदारून एकेक पाय चाचपत टाकतोय.

"थांबव!" बॉबी किंचाळली. "थांबव गं बाई! मी उतरते! मी त्याला धरून नेते!"

लोव्हिनाने लगाम ओढला. बग्गी थांबली. बॉबी उतरली, टकरचा लगाम तोंडापाशी धरला आणि निघाली. आता मैदानावर जायचं म्हणून तिने घातले होते कातडी तळव्याचे काउबॉय बूट, मतदारांना आवडतात ते. चार पावलं गेली असेल, आणि राज्यातल्या सगळ्यात गुळगुळीत रस्त्यावर काउंटी इंजिनिअर धाडकन ढुंगणावर आपटली. लगाम सुटला नाही हेच नशीब. टकरने तिच्याकडे खाली वाकून पाहिलं.

तिने लोव्हिनाची आई, डांबर शोधून काढणाऱ्याची आई, पितळी पाटी देणाऱ्याची आई, सगळ्यांचा उद्धार केला. बसल्या बसल्या बूट काढून गवतात फेकले. मोजे फेकले. अनवाणी उठली आणि लोव्हिनाला हसण्याबद्दल दोन शब्द सुनवावेत म्हणून मागे वळली.

लोव्हिना हसत नव्हती. बग्गीच्या बाकावर ती ताठ बसली होती, डोळे गच्च मिटलेले. एका हाताने बाकाची कड अशी धरलेली की बोटं पांढरीफटक. ओठ हलत होते, आवाज नव्हता. ही लोव्हिना. जिने खोऱ्यातली निम्मी लोकसंख्या या दोन हातांनी बाहेर ओढली, जी मोडलेला खुबा घेऊन नाल्यात पडली असतानाही, बातमी कळून धावत आलेल्या बॉबीला "तुला उशीर होईल गं" म्हणाली होती.

बॉबी तिच्याकडे बघतच राहिली.

"लोव्हिना? घाबरलीस?"

"चल पुढे," लोव्हिना डोळे न उघडता म्हणाली. "पोरीला कळा येताहेत."

"दर वेळी असं होतं?"

"दर वेळी."

"आणि एरवी लगाम कोण धरतं?"

"कोण धरणार? डोळे मिटते आणि देवाला म्हणते, बघ बाबा."

"आठवड्यातून दोन-तीनदा उतरतेस तू! मला कधी बोलली नाहीस!" बॉबीचा आवाज चढला, कारण नाहीतर तो फुटला असता. "रोज सूप घेऊन येत होते मी! रोज!"

"सूप छान होतं."

"अगं पण..."

"तू घोडीचं विचारलंस," लोव्हिना म्हणाली. "नाल कुठले होते विचारलंस. उतार कुठे जास्त वाटतो विचारलंस. आज घोड्यांनासुद्धा विचारलंस. मला भीती वाटते का, हे काही तू विचारलं नाहीस, बॉबी. आता चल."

बॉबी वळली. पुढे सबंध टेकडी ती अनवाणी उतरली. टकरची मान छातीशी धरून, पाय कुठे धरतो आणि कुठे सरकतो ते स्वतःच्या तळव्यांनी चाचपत. कडेच्या लोण्यावर पाय सरकायचा. मधल्या चरात, जिथे डांबर उखडून मोठी खडी उघडी पडली होती, तिथे धरायचा. तळवे सोलून निघाले, पण धरायचा. टकरलाही तिथेच बरं वाटत होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पावसाचं आहे असं समजायला तिची हरकत नव्हती.

पहिलटकरणीला मुलगी झाली. बॉबीने पिशवी उचलली, पाणी तापवलं, आणि एकदा चक्कर येऊन खुर्चीवर बसली.

सोमवारी सकाळी डेनी आणि लायल ऑफिसात आले तेव्हा बॉबीचे दोन्ही पाय बँडेजमधे टेबलावर होते.

"काळा की पांढरा?" लायलने विचारलं.

"मला काय करायचंय काळ्या-पांढऱ्याशी? दोन्ही चालतील. मला खरखरीत हवाय."

"खरखरीत म्हणजे?"

"म्हणजे खडबडीत. काळा असेल तर अंगठ्याएवढी खडी वर दिसली पाहिजे. पांढरा असेल तर बोटभर चर, आडवे, वीतभर अंतराने. अनवाणी चाललं तर शिव्या तोंडात आल्या पाहिजेत. आणि गुळगुळीतपणाचा बोनस रद्द."

मग एक चमत्कार घडला. काळा आणि पांढरा, जन्माचे वैरी, एका सुरात ओरडले, "बोनस रद्द?"

"बॉबी, तू वेडी झालीस," डेनी म्हणाला. "आम्ही तीस वर्षं शिकलो कशासाठी? खडबडीत रस्ता तर कुणीही करेल!"

"लोक काय म्हणतील?" लायल म्हणाला. "नोव्हेंबरात निवडणूक आहे. गाडी घुर्र करेल. कॉफी सांडेल."

"सांडू दे. फडकं ठेवा गाडीत."

"हरशील," लायल म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात वाईट वाटल्यासारखं काहीतरी होतं.

"हरेन," बॉबी म्हणाली. "कोण करतंय बोला, नाहीतर मी शेजारच्या काउंटीतून माणूस आणते."

शेवटी डेनीने केला. तोंड एवढंसं करून केला, रोलरवरच्या माणसाला दर पाच मिनिटांनी "अरे, थांब, थांब, सपाट होईल!" असं ओरडावं लागतंय याची लाज वाटत केला. ऑगस्टच्या शेवटी रस्ता सुरू झाला आणि बॉबीचा ऑफिसचा फोन तापला. टायर घुरघुरतात. बाळ उठतं. दातांची कवळी हलते. एका बाईने तर सांगितलं की तिच्या नवऱ्याने गाडीत म्हटलेलं प्रेमाचं वाक्य तिला ऐकू आलं नाही, आता तो परत म्हणायला तयार नाही. बॉबीच्या विरोधात उभ्या राहिलेल्या माणसाने जाहिरात छापली: "गुळगुळीत रस्ते परत आणू." लोक टाळ्या वाजवत होते. बॉबीने ती जाहिरात वाचली, घडी केली आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातली.

सप्टेंबरात एका दुपारी निरोप आला, खोऱ्यात बाळंतपण. बॉबी स्वतः सांगायला लोव्हिनाकडे गेली आणि न विचारता बग्गीत चढली. माथ्यावर आल्यावर ती खाली उतरली, या वेळी साध्या बुटांत, आणि टकरचा लगाम धरला.

"काय करतेस?" लोव्हिनाने विचारलं.

"धरते."

दोघी उतरायला लागल्या. टाप, टाप, टाप. खडीवर नाल बसत होते. पाव टेकडी उतरली. बॉबीने मागे पाहायचं नाही असं ठरवलं होतं. कान मात्र मागेच होते.

"किती आवाज करतो गं हा तुझा रस्ता!" मागून लोव्हिना म्हणाली.

बॉबी थबकली. वळून पाहिलं. लोव्हिनाचे डोळे उघडे होते. ती रस्त्याकडे बघत होती, सासू नव्या सुनेच्या भाकरीकडे बघते तशी.

"दात वाजतात माझे. आणि ही खडी केवढी! थोडी बारीक नव्हती का मिळत? आणि ते खाली वळणावर पाणी साचलंय बघ. कुणी केलंय हे काम? डेनीने का? तरीच! ... आता लगाम सोड की! तू मधे आलीस की त्याला पुढचं दिसत नाही."

बॉबीने लगाम सोडला. टकर तिच्या बाजूने पुढे निघून गेला, मान हलवत, आपल्या चालीने. बॉबी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि ऐकत राहिली. चाकं घरघरत होती, नाल वाजत होते, आणि त्या सगळ्याच्या वर, टेकडीच्या पायथ्यापर्यंत, लोव्हिना तक्रार करत होती.